दुसऱ्या मुशीचं झाकण

इलास्या, तुझ्या तेरवीला मी चपला मोजल्या.

लोक आत बसून तुझ्या फोटोकडे बघत होते आणि मी दाराशी उभा राहून चपला मोजत होतो. चारशे सोळा जोड. रांग तुझ्या फाटकातून निघाली, किराणा दुकानाला वळसा घालून थेट रेल्वेलाईनपर्यंत गेली, आणि एक मालगाडी म्हणे त्या चपलांसाठी दहा मिनिटं उभी राहिली. बरं, नसेल राहिली. चारशेही नसतील. पण दोनशेच्या वर नक्की होत्या, कारण दोनशेनंतर माझ्या पोटात दुखायला लागलं आणि मी मोजणं सोडलं. मग तिथंच उभ्या उभ्या माझ्या तेरवीला किती येतील याचा अंदाज बांधला. घरचे, शेजारचे, आणि ज्यांना जेवायचंच आहे ते. साठ. बुंदी असली तर सत्तर.

तू असतास तर म्हणाला असतास, "अशोक्या, आता तरी सोड ना बे." नाही सोडत. चाळीस वर्षं पोसलेला हेवा आहे, तेरा दिवसांत कसा सुटेल? तू आधी गेलास याचाही मला हेवा वाटतो. आता सगळे तुझ्याविषयी बोलतात आणि मला ऐकावं लागतं.

प्राचार्य म्हणाले, विलासरावांविषयी चार बऱ्या ओळी लिहून द्या, कॉलेजच्या अंकात छापू. चार बऱ्या ओळी कोणीही लिहील. मला एक वाईट ओळ लिहायची आहे, माझ्याविषयीची. ती अशी: कार्यशाळेच्या दिवशी तुझ्या मुशीवरचं झाकण मी बदललं होतं. शोकसभेत मी हे माईकवरून सांगितलं. लोकांनी हसण्यावारी नेलं. म्हणून आता लिहून देतो आहे. कोणीतरी हे खरं मानावं, एवढंच मला हवं आहे.

तुला समजावून सांगायची गरज नाही, पण अंक वाचणाऱ्यांत मराठीचे सरही असतात. तर सर, मूस म्हणजे चिनी मातीची वाटी, कुंकवाच्या करंड्याएवढी, वर झाकण. तिच्यात मॅग्नेशियमच्या फितीची गुंडाळी ठेवायची आणि खाली बर्नर लावायचा. जळालं की वस्तूचं वजन कमी होतं असं सगळं जग समजतं. इथं उलट. मॅग्नेशियम हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याची पांढरी भुकटी होते आणि वजन वाढतं. शून्य पूर्णांक तीस ग्रॅम ठेवा, शून्य पूर्णांक पन्नास मिळतात. अडचण झाकणाची आहे. बंद ठेवलं तर आत हवा जात नाही. उघडं ठेवलं तर भुकटी धूर होऊन उडून जाते, आणि तिच्याबरोबर तुमचं उत्तरही. म्हणून मधूनमधून चिमट्यानं झाकण किलकिलं करायचं, हवेचा एक घोट पाजायचा आणि लगेच मिटायचं. केव्हा किलकिलं करायचं आणि केव्हा मिटायचं, हे कुठल्याही पुस्तकात नाही. ते तुझ्या हातात होतं. माझ्या हातात फक्त चिमटा होता.

आपली पहिली मूस आठवते? बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. तू आंजीहून रोज एसटीनं यायचास, मी अल्लीपूरचा, वर्ध्यात खोली घेऊन राहिलेला. हजेरीत नाव शेजारी, म्हणून टेबल एक आणि बर्नर एक. सरांनी बजावून सांगितलं होतं की मॅग्नेशियम पेटल्यावर उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही. म्हणजे बघण्यासारखं काहीतरी आहे हे मला कळलं. मी झाकण पूर्ण काढलं.

काय उजेड पडला! खिडकीबाहेरच्या कडुलिंबावरचे कावळे दुपारी तीन वाजता दुसरा दिवस उजाडला म्हणून उडाले. रस्त्यावरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं सूर्याला करतात तसा आपल्या खिडकीला नमस्कार केला. पुढचे दोन दिवस मला प्रत्येकाच्या डोक्याभोवती हिरवं वर्तुळ दिसत होतं, खाणावळवाल्याच्यासुद्धा, आणि तो काही संत नव्हता.

"किती आलं तुह्यं?" मी डोळे चोळत विचारलं.

"पन्नास."

"पन्नासच?"

"मंग किती याले पाह्यजे?"

"माह्यं बारा आलं."

तू माझ्या मुशीत डोकावलास. "बाकीचं कावळ्यायनं नेलं काय बे?"

ती गोष्ट मी पुढं शंभर लग्नांत, दोनशे सहलींत सांगितली. प्रत्येक वेळी कावळे वाढले. तुझं वाक्य मात्र मी माझ्या तोंडी घातलं. तू तिथंच बसलेला असायचास आणि कधी म्हणाला नाहीस की हे मी बोललो होतो.

मग नशिबानं आपल्याला एकाच कनिष्ठ महाविद्यालयात आणून टाकलं. अकरावीची अ तुकडी तुझी, ब माझी. दरवर्षी मॅग्नेशियमचं प्रात्यक्षिक आलं की माझा रक्तदाब वाढायचा. तुझ्या पोरांची उत्तरं यायची एकोणपन्नास, पन्नास, पन्नास, एकोणपन्नास. माझ्या पोरांची तेवीस, सदतीस, अकरा. एकाचं तर एकदम चाळीस ग्रॅम आलं. त्यानं चिमटा मुशीतच विसरून वजन केलं होतं. नामदेवराव, आपले प्रयोगशाळा परिचर, तुझ्या बॅचच्या दिवशी खिडकीशी स्टूल टाकून पेपर वाचायचे. माझ्या बॅचच्या दिवशी वाळूची बादली घेऊन दारात उभे राहायचे.

आणि तरी पोरं माझ्याच तासाला जास्त हसायची! हा माझा मोठा आधार होता. वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगितलं, विलासच्या तासाला पोरं जांभया देतात, माझ्या तासाला बाकं हलतात. मग माझी स्वतःची पोरगी अकरावीत आली. यादीप्रमाणे ती ब तुकडीत होती. तिनं प्राचार्यांना अर्ज देऊन अ तुकडी मागून घेतली.

"काय गं, बापाच्या तासात काय कमी आहे?"

"काहीच कमी नाही बाबा, खूप मज्जा येते. पण मला समजायलाही पाहिजे ना."

बारावीच्या निकालाचा पहिला पेढा तिनं तुझ्या घरी नेला. तू तो घेऊन माझ्याकडे आलास, अर्धा मोडून मला भरवलास आणि म्हणालास, "पोरगी तुह्यासारखी आहे, लय बोलते." तू हे माझं मन राखायला म्हणालास, हे मला कळलं. तुझा सगळ्यात जास्त राग मला अशाच वेळी यायचा. तू माझा हेवा करत नव्हतास. इतक्या वर्षांत एकदासुद्धा नाही. एवढं करायला काय हरकत होती?

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. शनिवारी सकाळचं कॉलेज सुटलं की एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर चहा, आणि चहाबरोबर तेच भांडण.

"झाकन केव्हा उघडाचं, ते सांग."

"आयकू येते."

"काय आयकू येते?"

"आत करकर होते. ते थांबलं की उघडाचं."

"मले तं नामदेवरावचं घोरनंच आयकू येते. मी दहा मोजतो अन् उघडतो."

"मोजू नको. तू मोजता मोजता गोष्ट सांगाले लागतं, अन् सातावरून डायरेक पंधरावर जातं."

टपरीवाला हसायचा. मला खात्री होती की तू काहीतरी लपवतोस. मुशीतून आवाज येतो म्हणे! मी दार लावून, पंखा बंद करून, कान मुशीशी नेऊन ऐकलं आहे. कानाची पाळी भाजली. घरी सांगितलं की गांधीलमाशी चावली. हातभर लांब होती, असंही सांगितलं.

आता कार्यशाळेकडे येतो. इथून पुढं मी एक शब्द वाढवणार नाही. वाढवला तर तू स्वप्नात येऊन कान धर.

बारा-तेरा वर्षं झाली. जिल्ह्यातल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांची कार्यशाळा आपल्या कॉलेजात होती. चाळीसेक जण आले होते. बाहेरून एक साहेब यायचे होते. मराठी माध्यमाच्या पोरांसाठी प्रयोगांची पुस्तिका निघणार होती आणि ती कोणी लिहायची हे ते साहेब ठरवणार होते. प्राचार्य म्हणाले, "स्वागताचं भाषण अशोकराव करतील. मॅग्नेशियमचा प्रयोग विलासराव करून दाखवतील." सगळ्या स्टाफरूमला कळलं की पुस्तिका कोणाकडे जाणार. तुला तेवढं कळलं नाही. तू मला विचारत होतास, "शर्ट कोनता घालू बे?"

मी पंचवीस मिनिटं भाषण केलं. टाळ्या पडल्या. मग तू बर्नर लावलास आणि चाळीस लोक गप्प झाले. मी बोलताना ते हसत होते, मध्येच मोबाईल बघत होते. तू काही बोलत नव्हतास आणि ते तुझ्या चिमट्याकडे बघत होते. तू झाकण उचलायचास, फटीतून आत पांढरा उजेड दिसायचा, तू मिटायचास. धुराचा एक धागा बाहेर आला नाही. शेवटच्या रांगेतले हिंगणघाटचे एक सर शेजाऱ्याला म्हणाले, "हात पाह्य, हात." ते तीन शब्द माझ्या कानाला मुशीपेक्षा जास्त भाजले.

मूस थंड व्हायला तू ती डेसिकेटरमध्ये ठेवलीस. हवेतला ओलावा लागू नये म्हणून असतं ना ते जाड काचेचं झाकणबंद भांडं, त्यात. मग सगळे चहा-पोह्यांना गेले. मी म्हणालो, आभाराचे मुद्दे काढायचे आहेत, तुम्ही व्हा पुढं.

डेसिकेटरमध्ये तुझी चार नंबरची मूस होती. शेजारी सात नंबरची, रिकामी, तापवून सुकवलेली. आपल्याकडे प्रत्येक मुशीवर आणि तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तूच लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यानं नंबर घातले होतेस, भट्टीत तापून ते तांबूस, पक्के झाले होते. पोरांना तू दरवर्षी सांगायचास की झाकणं सारखी दिसतात, पण वजनं सारखी नसतात. मी ते सांगणं कधी नीट ऐकलं नव्हतं. त्या दिवशी आठवलं. मी चिमट्यानं चारचं झाकण सातवर ठेवलं आणि सातचं चारवर. भांडं बंद केलं. मग पोहे खायला गेलो. दोन प्लेटी खाल्ल्या.

चहानंतर तू मूस तराजूवर ठेवलीस. जळण्याआधी मूस, झाकण आणि फीत मिळून अडतीस पूर्णांक बहात्तर ग्रॅम होतं; आता अडतीस पूर्णांक ब्याण्णव यायला हवं होतं. आलं अडतीस पूर्णांक पंचावन्न. म्हणजे जळून वजन वाढायच्या ऐवजी घटलं होतं. मागच्या कोणीतरी "अरे!" केलं. साहेब हसून म्हणाले, "विलासराव, तुमचं मॅग्नेशियम उपाशीच राहिलेलं दिसतं."

तू चिमट्यानं झाकण उचललंस, उलटं केलंस, आत बघितलंस. परत ठेवलंस. काहीतरी लिहिलंस. आणि मान वर करून म्हणालास, "वजन जुळत नाही. आज मला याचं उत्तर देता येणार नाही." बस, एवढंच. तुझे कान लाल झाले होते. नवा शर्ट पाठीला चिकटला होता.

मी उडी मारून पुढं आलो. "होतं, होतं, साहेब! आमच्या एका पोरानं तर चिमट्यासकट वजन केलं होतं!" हशा पिकला. मग कावळे सांगितले. मग नमस्कार करणारा म्हातारा. लोकांनी पोट धरलं. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तुम्ही सांभाळून घेतलंत." जेवायच्या आधी दोन्ही मुशी मीच धुतल्या आणि जिचं झाकण तिला दिलं. नामदेवराव म्हणाले, "सर, आज तुम्ही भांडे धुता?" मी म्हटलं, "मित्राची मूस आहे."

पुस्तिका माझ्याकडे आली.

आता गंमत ऐक, म्हणजे तुला माहीतच आहे. पुस्तिका लिहायला बसलो आणि मुशीच्या धड्याशी अडलो. काय लिहू? दहा मोजा आणि उघडा? शेवटी तुझ्याच घरी आलो. तू सांगत गेलास, मी लिहीत गेलो. सुनंदावहिनींनी चहा ठेवला. मध्येच तू म्हणालास, "आता लिही: प्रत्येक वजनाच्या वेळी मूस आणि झाकण एकाच क्रमांकाचे आहेत याची खात्री करावी."

माझं पेन थांबलं. "हे काऊन?"

"पोरं घाई करतात," तू म्हणालास, आणि कपातली साय बोटानं बाजूला केलीस.

मी ते वाक्य लिहिलं. ते माझ्या नावानं छापलं गेलं. आजही कुठं गेलो की लोक म्हणतात, "सर, मुशीचा धडा काय लिहिला हो!" बाकीचे अकरा धडे मी लिहिलेत, त्यांचं नाव कोणी काढत नाही. त्या दिवसानंतर तू कॉलेजबाहेर प्रयोग करून दाखवला नाहीस. बोलावणं आलं की म्हणायचास, "अशोकले न्या, तो चांगला बोलते." आणि मी जायचो. हार घालून घ्यायचो. परत येऊन तुला सांगायचो की दोन हजार लोक होते.

माहीत होतं का तुला? बारा वर्षं रोज एका स्टाफरूममध्ये बसून मला हे विचारता आलं असतं. विचारायला म्हणून किती वेळा तुझ्या टेबलापाशी आलो. आणि विचारलं काय? "चहा पेतं काय बे?"

तुझ्या शोकसभेत सभागृह भरलं होतं. कार्यशाळेतलेही कितीतरी जण आले होते, हिंगणघाटचे ते सरही. मी उभा राहिलो. सुरुवात कावळ्यांनी केली, कारण दुसरी कुठून करायची मला येतच नाही. लोक डोळे पुसत हसले. या वेळी वाक्य तुझ्या तोंडी ठेवलं. मग म्हणालो, "त्या कार्यशाळेत विलासचा प्रयोग चुकला नव्हता. झाकण मी बदललं होतं."

मी देवाशपथ सांगतो, अर्धा क्षण लोक माझं मानायच्या बेतात होते. मग मागून नामदेवराव, आता निवृत्त, हातात काठी, खदखदून हसले. "अशोक सर बी ना! मेल्या मान्साले बी सोडत नाई!" आणि सगळं सभागृह हसलं.

"नाही हो, खरं सांगतो," मी म्हणालो.

हशा दुप्पट झाला. कारण माझी प्रत्येक थाप "खरं सांगतो" पासूनच सुरू होते, हे चाळीस वर्षांत मीच त्यांना शिकवलं होतं. प्राचार्य डोळे पुसत म्हणाले, "विलासरावांना हेच आवडलं असतं. मित्राची चूक स्वतःवर घेणारा मित्र!" टाळ्या पडल्या, इलास्या. मी तुझा गळा कापला हे सांगायला उभा राहिलो आणि मोठ्या मनाचा माणूस होऊन खाली बसलो. तू मात्र साधं "वजन जुळत नाही" म्हणालास, आणि ते चाळीसच्या चाळीस लोकांनी खरं मानलं. याचा हेवा करू नको तर कशाचा करू?

दुसऱ्या दिवशी वहिनींकडे गेलो. त्या तुझे शर्ट घड्या घालून पिशवीत भरत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्या थांबल्या नाहीत. एक शर्ट संपला, दुसरा घेतला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही खरं बोलत असान. पन ते गेले, अन् तुम्ही मले झाकन सांगता. काय करू मी त्या झाकनाचं?"

मी पिशवी दाराशी नेऊन ठेवली आणि निघालो.

सोमवारी प्राचार्यांनी अ तुकडी मला दिली. दुसरं कोणी नव्हतंच. म्हणजे बघ, जे जे तुझं होतं ते सगळं आता माझ्याकडे आहे: तुकडी, टेबल, कपाट. तास संपल्यावर पोरं गेली. एक पोरगी थांबली. वैष्णवी, तुझ्याच आंजीची, रोज बसनं येते. तिच्या हातात निळ्या पुठ्ठ्याची जुनी वही होती.

"सर, तुम्ही सभेत बोलले ते खरं होतं."

"कोण म्हणते?"

"वजन म्हणते."

तुझ्या कपाटात तिला ती सापडली होती. कपाटाला कुलूप नव्हतं, कधीच नसायचं. तिनं पान उघडून माझ्यासमोर धरलं. तुझं ते बारीक, सरळ अक्षर. कार्यशाळेच्या दिवसाची निरीक्षणं. पहिलं वजन: मूस चार, झाकण चार, अडतीस पूर्णांक बेचाळीस. फितीसह: मूस चार, झाकण चार, अडतीस पूर्णांक बहात्तर. तापवल्यानंतर: मूस चार, झाकण सात, अडतीस पूर्णांक पंचावन्न.

झाकण सात.

म्हणजे तू बघितलं होतंस. चाळीस लोकांसमोर, साहेब हसत असताना, मी कावळे उडवत असताना, तू सात हा आकडा लिहिलास आणि वही मिटलीस. मग ती बारा वर्षं उघड्या कपाटात ठेवलीस, कोणीही वाचावी अशी. मी वाचली नाही. तुझ्या वह्यांना मी हात लावत नव्हतो. त्या किती नीटनेटक्या असतील या विचारानंच मला त्रास व्हायचा.

"सकाळी दोन्ही झाकनं मोजले मी," वैष्णवी म्हणाली. "चारचं अकरा पॉइंट चौसष्ट. सातचं अकरा पॉइंट सत्तावीस. पॉइंट सदतीसचा फरक आहे. तेवढे मिळवले की अडतीस पॉइंट ब्यान्नव येते सर. बरोब्बर."

"मंग? आता काय करतं?" माझ्या तोंडून वऱ्हाडीच निघालं. "प्राचार्याले सांगतं?"

ती गोंधळली. ते तिच्या डोक्यातच नव्हतं. मी दोषी आहे की नाही, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

"नाई सर. उत्तराचा रकाना कोरा हाये. इलास सरनं कोनतंच निरीक्षन अर्धं सोडलं नाई कधी, मी सगळ्या वह्या पाह्यल्या. हे एकच हाये." तिनं पेन पुढं केलं. "तुम्ही भरता का?"

तो रकाना तू माझ्यासाठी कोरा ठेवलास, असं लिहायचा मोह होतो आहे. छान दिसेल. पण तशी काही खूण वहीत नाही. कदाचित तुला त्या पानाकडे परत बघवलं नसेल. कदाचित दुसरंच काही असेल. तू असतास तर म्हणाला असतास, दिसते तेवढंच लिही बे.

मी पेन घेतलं. शेवटच्या रकान्यात लिहिलं: शून्य पूर्णांक पन्नास ग्रॅम. शेऱ्याच्या जागी लिहिलं: झाकण अशोकने बदलले. खाली सही केली. तुझ्या अक्षराशेजारी माझं अक्षर म्हणजे पावसात भिजलेला कावळा.

वैष्णवीनं वही स्वतःकडे ओढली. माझ्या शब्दावर तिनं विश्वास ठेवला नाही. कोपऱ्यात पेन्सिलनं पुन्हा एकदा बेरीज केली, मग वजाबाकी केली, मग मान हलवली.

"बरोबर आलं सर," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून पन्नास आलं, इलास्या, आणि तेही तुझंच होतं.